गुरुजींचं दहा इंची खोकं

लोक विचारतात, मिस्तरी, तुम्ही जन्मभर केलं काय? मी सांगतो, खोकी केली. ऐकणारा हसतो, पण उत्तर खरं आहे. वऱ्हाडातल्या मालेगावला बसस्टँडच्या मागे माझं नऊ बाय बाराचं दुकान होतं. पाटीवर 'रेडिओ व लाउडस्पीकर दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं आणि घर चालायचं ते लग्नसराईत भोंगे भाड्याने देऊन. पण आमचं मूळ घर सुताराचं. वडील बैलगाडीची चाकं करायचे. त्यामुळे रंधा हातातून सुटला नाही आणि रेडिओ कानातून. बाकीचे मेकॅनिक आवाज बिघडला की स्पीकर बदलायचे, मी खोकं बदलायचो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पीकर म्हणजे कागदाचा द्रोण. तो पुढेमागे हलतो, पुढची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. म्हणजे एकाच वेळी दोन आवाज निघतात, एक पुढे आणि एक मागे. स्पीकर नुसता उघडा ठेवला तर मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्यात आधी जाड, खालचा आवाज जातो. म्हणून खोकं लागतं. लोकांना वाटतं खोकं आवाज देतं. खोकं काही देत नाही, ते अर्धा आवाज आत कोंडून ठेवतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. शिरपूरच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात भोंग्याचं तोंड मांडवाकडे न करता समोरच्या चुलतभावाच्या ओसरीकडे करायला लावलं होतं. पाहुण्यांना काही ऐकू आलं नाही, चुलतभावाला तीन दिवस सगळं ऐकू आलं. गावालगत वांगी-टमाट्यांची वाडी असलेल्या एका माळ्याने पोपट हाकलायला भोंगा नेला आणि आठवड्याने परत आणून म्हणाला, "मिस्तरी, पोपट गेले नाई, पन माही बायको माहेरी गेली." अशा गोष्टी सांगायला लागलो तर अंक भरेल. पण संपादकांनी 'न विसरता येणारा एक अनुभव' मागितला आहे, आणि तो सांगताना मला अजून नीट हसता येत नाही.

सत्तरनंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. मार्च संपत आला होता. आसेगावचे सुदाम गुरुजी दुकानात आले. प्राथमिक शाळेत मास्तर, तिशीच्या आतबाहेरचे, पांढरा लेंगा-सदरा. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं. मला आधी वाटलं बंदूक आहे. गोधडी सोडली तर आत चार तारांची बास गिटार. नागपूरच्या कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. आमच्या भागात तोवर ढोलक, हार्मोनियम, झांजा यांच्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं.

"आमची गायन पार्टी हाय," गुरुजी म्हणाले. "चौदा एप्रिलच्या जयंतीले गातो आमी. म्हंजे गात होतो. माहा मोठा भाऊ नामदेव गायचा. तो गेला, दोन वर्सं झाले. तवापासून पार्टी बंद. औंदा चालू कराची हाय. त्याच्या गळ्यावानी गळा तं कोनाचा नाई, मनून हे आनली. खालून भरलं पाह्यजे."

मला ते म्हणणं आवडलं. खालून भरलं पाहिजे. मी विचारलं, किती मोठं खोकं हवं?

"लहान. घरी बोटं बसवाले, अन् पार्टीसंगं तालीम कराले. एसटीच्या टपावर चढलं पाह्यजे. मैदानात वाजवाले तुमचेच भोंगे घेऊ."

माझ्याकडे तीन पर्याय होते. पहिलं जुन्या रेडिओचं, मागून उघडं, आठ इंची स्पीकरचं. दुसरं फिरत्या टॉकीजमधून आलेलं बारा इंची धूड, उचलायला दोन माणसं लागायची. तिसरं अजून झालेलं नव्हतं, डोक्यात होतं. मी गुरुजींना पहिल्या दोन्हींवर वाजवायला लावलं. निवडीची माझी रीत साधी आहे. जोरात वाजवून बघू नका, हळू वाजवा, कारण सराव हळूच होतो. सगळ्यात जाड तारेपासून एकेक सूर चढत जा. सगळे सूर सारख्या वजनाचे उतरले तर खोकं इमानदार. मध्येच एखादा सूर डफासारखा उठला तर ते खोटं बोलतं. आणि ढोलक सुरू झाल्यावर स्वतःच्या बोटांचा आवाज ऐकू यायला हवा, पण गाणाऱ्याचा गळा बुडायला नको.

आठ इंची खोक्यातून खालची तार नुसती फडफडली. बारा इंचीतून आली, पण समोरच्या पानटपरीच्या बरण्या वाजायला लागल्या आणि टपरीवाला भांडायला आला. मी गुरुजींना म्हणालो, दहा दिवस द्या, दहा इंचीचं नवं करतो.

लहान खोक्यातून जाड आवाज काढायचा म्हणजे एक चलाखी करावी लागते. आत कापूस भरायचा. कापसात हवा सुस्तावते आणि स्पीकरला वाटतं, आपण मोठ्या घरात आहोत. वऱ्हाडात कापसाला काय तोटा, असं तुम्ही म्हणाल. पण नवा कापूस चालत नाही. त्यात सरकीची चुरी राहते आणि ती द्रोणाच्या कागदावर खडखडते. जुना, वापरलेला, चांगला पिंजलेला कापूस लागतो. तो मी नेहमी करीमचाचांकडून आणायचो. करीमचाचा पिंजारी. उन्हाळ्यात खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव हिंडायचे, जुन्या गाद्या उसवून पिंजून नव्या भरून द्यायचे. घरी त्यांच्याकडे दोन ढीग असत. एक दाराशी आणि एक मागे, गोणपाटाखाली. मला कायम मागच्या ढिगातला कापूस मिळायचा, जवळजवळ फुकट. का, ते मी कधी विचारलं नाही.

पाऊण इंची प्लाय, सागाच्या पट्ट्या, सरस आणि स्क्रू, प्रत्येक सांध्यात मेण. मागची फळी घट्ट. आत काठोकाठ कापूस. वर चामड्याची मूठ. मी आतापर्यंत केलेल्या खोक्यांत ते सगळ्यात नेटकं होतं, हे आजही सांगतो. एसटीच्या टपावर टाकून मी स्वतः ते आसेगावला घेऊन गेलो.

एप्रिल लागला होता. शाळा सकाळची, त्यामुळे गुरुजी दुपारी मोकळे. घर दोन खोल्यांचं, वर टिनपत्रा. विजेचा प्लग फक्त पुढच्या खोलीत होता. दारातच त्यांची आई बसली होती, साठीची, सडपातळ, सुपात तूर निवडत. गावात सगळे तिला गयामाय म्हणत. गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या खोलीत दादा होता. दमा होता त्याले. अकरा महिने हितंच पडून होता. तो गेल्यावर माय हिच्यात पाय ठेवत नाई, मागच्या दारानं येते-जाते. मी इचारलं, वाजवू का या खोलीत? मने, वाजव. पन मिस्तरी, तिले तरास झाला तं मी हे सोडून देईन. पार्टीबी सोडून देईन."

मी खोकं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, व्हॉल्व्ह तापू दिले. गुरुजींनी जाड तार छेडली. काय सांगू, पोटात उतरला सूर. एकसारखा, गोल. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे सारख्या वजनाचे. मी खूश होऊन दाराकडे पाहिलं. गयामायचे हात सुपात थांबले होते.

गुरुजींनी तारेवर हात ठेवून सूर बंद केला. सूर थांबला आणि खोक्यातून श्वास आला.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आत ओढलेला, मध्येच अडकलेला, मग बारीक शीळ घालत सोडलेला. पुन्हा ओढलेला. बाहेर रणरणतं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही, पत्रा तडतडतोय आणि खोलीच्या मधोमध माझं खोकं धापा टाकतंय.

मी मेकॅनिक आहे. माझा हात आधी बटणाकडे जातो. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. चालूच. प्लग उपसला, तारा सोडल्या. चालूच. मग मी तोंडाने कारणं सांगायला लागलो. उन्हाने आतली हवा तापली, एखाद्या सांध्यात फट राहिली असेल, तिथून जाते-येते. खिशातलं मेण काढून प्रत्येक सांधा चेपला. मेणाखाली बोटाला तो श्वास जाणवत होता.

गुरुजी भिंतीला टेकले होते. मागून गयामायचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"कूस बदलून द्या त्याले. डाव्या अंगावर घ्या. थांबते."

कुणीच हललं नाही. मग तीच आत आली. दोन वर्षांनी त्या खोलीत तिने पाय ठेवला. खाली बसली, एक हात खोक्याखाली घातला, दुसरा वरून धरला आणि सवयीने, जराही धक्का न लागू देता, खोकं डाव्या अंगावर वळवलं. श्वास दोनदा खोल आला आणि थांबला.

मी लगेच म्हणालो, कापूस सरकून द्रोणाला टेकला असेल, आडवं केलं की सुटला. हे कारण खोटं नाही, असं होतं. गुरुजींनी मान डोलावली. त्यांनाही ते कारण हवंच होतं.

परत येताना मी घरी न जाता थेट करीमचाचांकडे गेलो. ते पिंजणाला आतड्याची तात लावत होते. विचारलं, चाचा, मला दिलेला कापूस कुठला?

"आसेगावच्या ओढ्यावरचा, दोनेक वर्सांमागचा," ते सहज म्हणाले. "मय्यतीचं अंथरून टाकतात ना काठावर. तिकडं गेलो का उचलून आनतो मी. ऊन देतो, पिंजतो. चांगला कापूस फेकाचा कायले?"

"आणि तो मला देता?"

चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांना माझं बोलणं लागलं होतं. "हे पाह्य, मिस्तरी. माह्या बापानं मले शिकवलं, मय्यतीचा कापूस झोपनाऱ्याच्या अंगाखाली जाऊ देऊ नको. मी आजवर एका गादीत घातला नाई. घोड्याच्या खोगिरात देतो, गाडीच्या बैठकीत देतो, तुले देतो. खोक्यात कोन झोपते?"

त्यांचा नियम चोख होता. माझी चूक एवढीच की खोकं कुणाच्या गावाला चाललंय हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि कापूस कुणाच्या अंगाखालचा, हे विचारलं नाही.

चार दिवसांनी गुरुजी दुकानात आले. चाचांचं बोलणं मी त्यांना सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. "बाकी सारे विधी आमी सोडले," ते म्हणाले, "पन अंथरून ओढ्यावर टाकाची रीत तेवढी सुटली नाई. दादाचं मीच टाकलं होतं." मग त्यांनी घरचं सांगितलं. गयामाय आता त्या खोलीतून बाहेर येत नव्हती. दुपार झाली की खोक्याजवळ बसायची, कूस बदलायची, पदराने वारा घालायची. पार्टीतली पोरं तालमीला आली तर ओठावर बोट ठेवून म्हणायची, झोपला हाय, मंग या. ढोलकवाला बाहेर जाऊन म्हणाला होता, म्हातारीचं डोकं फिरलं. जयंती आठ दिवसांवर आली होती. "मिस्तरी, काहीबी करा. मले माय अशी पाह्यवत नाई."

उपाय सोपा होता, कापूस बदलायचा. खरं तर आधी गयामायला विचारायला हवं होतं. आम्ही दोघांनी ते टाळलं. गुरुजींनी तिला मावशीकडे पाठवलं आणि मी भर दुपारी मागच्या फळीचे स्क्रू काढले.

कापूस मी काठोकाठ, सारखा दाबून भरला होता. आता त्यात एक खळगा पडला होता, डाव्या बाजूला, मोठ्या माणसाचं डोकं बसेल एवढा. तिथला कापूस हाताला ओलसर लागला. मी तो सगळा पोत्यात भरला, स्वतः धुऊन पिंजून आणलेला दुसरा कापूस घातला, फळी बसवली. गुरुजींनी सूर छेडला, थांबवला. शांत. खोकं पहिल्यांदा नुसतं खोकं झालं. पार्टीची पोरं आली आणि दोन वर्षांनी त्या घरात ढोलक वाजलं.

गाणं सुरू असतानाच गयामाय परतली. थेट खोक्याशी गेली, कान लावला. उजव्या अंगावर वळवलं, डाव्या अंगावर वळवलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं ठेवला?"

मी मागच्या खोलीकडे बोट केलं. पोतं तिथे माझ्या पिशवीशेजारी होतं. ती आत गेली. थोड्या वेळाने मला हाक आली. पोतं खाटेवर ठेवलेलं होतं, भिंतीकडे तोंड केल्यासारखं, आणि ती उशाशी बसली होती.

"बंद नका करू त्यायले, गाऊ द्या," ती म्हणाली. "त्याले गान्यातच झोप लागे. पन मिस्तरी, तुमाले येते ना ऐकू? हे सारे मले येडी म्हन्तात. तुमचा तं कानाचा धंदा हाय."

बाहेर ढोलक, हार्मोनियम, चार गळे आणि खालून गुरुजींची बास. तरीही मला ऐकू आलं. तार नाही, वीज नाही, द्रोण नाही. नुसतं पोतं. ओढलेला, अडकलेला, शीळ घालत सोडलेला श्वास.

मी म्हणालो, "नाही, माय. मला काही ऐकू येत नाही."

तिने वाद घातला नाही. पोत्यावरून हात फिरवत राहिली. दारात गुरुजींनी मला गाठलं आणि तेच विचारलं. "तुमी हो म्हनलं तं पोतं राहू देतो घरात. तुमच्या कानावर माहा भरोसा हाय." मी पुन्हा नाही म्हणालो. भुताचा आवाज ऐकणारा मिस्तरी, असं नाव झालं असतं तर माझ्या दुकानात रेडिओ कुणी टाकला असता? हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होता. लिहायला लाज वाटते, पण होता.

गुरुजींनी संध्याकाळच्या आत पोतं ओढ्यात सोडलं.

जयंतीचा कार्यक्रम रंगला. आसेगावच्या पार्टीचा 'खालचा आवाज' पार मंगरूळपीरपर्यंत गाजला आणि त्या खोक्यासारखी खोकी मला पुढे कितीतरी करावी लागली. दहा इंची, बंद, कापूस भरलेली. कापूस मी आधी विचारून घ्यायचो. गयामाय पुन्हा कामाला लागली, नीट बोलायची, नीट जेवायची. कुणी तिला वेडी म्हणेना. पुढच्या खोलीत मात्र ती परत गेली नाही, असं गुरुजी सांगायचे.

दोनेक वर्षांनी ती मला मालेगावच्या बसस्टँडवर दिसली, शिरपूरच्या गाडीची वाट पाहत. मी चहा आणून दिला. तो तिने घेतला, पिऊन कप परत दिला आणि म्हणाली, "मिस्तरी, त्या दिवशी त्याचा दम अडकला तवा तुमीबी दम धरला होता. मले दिसलं."

मी खाली पाहिलं. म्हणालो, "चुकलं माझं, माय."

"चुकलं म्हनून काय होते," गयामाय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दोघायले ऐकू येत होतं. मी एकटीच रायली."